भाच्याचे इमान

भाऊबिजेला बहिणीच्या ताटात काय घालावे, हा प्रश्न मला कधीच पडला नाही. शिक्षकाच्या खिशाला झेपेल तेवढे घालावे, तिने "कशाला रं दादा एवढं?" म्हणावे आणि मी नुसते हसावे, असा आमचा वर्षानुवर्षांचा करार आहे. प्रश्न पडतो तो भाच्याच्या हातात काय द्यावे हा. भाचा नऊ वर्षांचा आहे आणि त्याला विमानाचे वेड आहे.

वेड कुणाला कशाचे लागावे याला काही नियम नाही हे खरे. पण माणदेशातल्या पोराला विमानाचे वेड लागावे याचे मला प्रथम मोठे नवल वाटे. आमच्या तालुक्यात रेल्वेचा रूळसुद्धा नाही. आमच्याकडे माण नदी आहे, ती वर्षातून काही दिवस नदीसारखी वागते आणि बाकीचे दिवस रस्त्यासारखी. मेंढरे आहेत, घोंगड्या आहेत, ज्वारी-बाजरी आहे, आता ठिकठिकाणी डाळिंबेही झाली आहेत. विमान तेवढे नाही. जे आहे ते वरून जाणारे. पण मग ध्यानात आले की, आमच्या आकाशात ढग नसतात, आणि ज्या गोष्टीमुळे आमची विहीर आटते त्याच गोष्टीमुळे आमच्या पोरांना विमान स्वच्छ दिसते! मुंबईहून दक्षिणेकडे निघालेले विमान आमच्या डोक्यावर पांढरी रेघ ओढीत जाते, आणि वाडीतली पोरे खळ्यात धावत येऊन ओरडतात, "इमान आलं, इमान!"

आमच्या बोलीत विमानाला इमान म्हणतात. शाळेत मी वीस वर्षे हा उच्चार सुधारीत आलो. आता सुधारीत नाही. का, ते पुढे येईलच.

गेल्या वर्षी मी म्हसवडला सिद्धनाथाच्या यात्रेतून त्याच्यासाठी एक प्लॅस्टिकचे विमान घेतले होते. पांढरेशुभ्र, शेपटीवर लाल पट्टा, खाली चाके, पोटात दिवा. किल्ली दिली की घुर्र करून जमिनीवर गोल फिरे. भाच्याने ते दोन्ही हातांनी घेतले, उलटे करून पाहिले, पंखावरून बोट फिरवले आणि फडताळावर ठेवून दिले.

"का रे, आवडलं नाही?"

"चांगलं हाय की मामा. पर ह्ये उडत न्हाई. ह्ये नुसतं हाय."

मुलांच्या तोंडून कधी कधी असे वाक्य निघते की, पंतोजीला आपली वही मिटून घ्यावी लागते. ते विमान अजून फडताळावर आहे. अजूनही ते नुसते आहे.

म्हणून यंदा दिवाळीच्या सुटीत मी मुद्दाम साताऱ्याला गेलो आणि खेळण्यांच्या एका मोठ्या दुकानात शिरलो. तिथे खरोखरी उडणारी विमाने होती. चार पंख्यांचे ड्रोन होते. दुकानदाराने एक उडवूनही दाखवला. तो माझ्या टोपीभोवती एक प्रदक्षिणा घालून मुकाट्याने त्याच्या तळहातावर येऊन बसला. मी किंमत विचारली. नंतर मी दुकानातल्या इतर वस्तूंची फार आस्थेने पाहणी केली आणि हळूच बाहेर पडलो.

एस.टी.त बसल्यावर मला राइटबंधूंची आठवण झाली. ही गोष्ट मी वर्गात दरवर्षी सांगतो. पण आपण जे दरवर्षी सांगतो ते आपल्याला स्वतःला ऐकू येतेच असे नाही. १८७८ साली विल्बर ११ वर्षांचा होता आणि ऑर्व्हिल ७ वर्षांचा. त्यांचे वडील धर्मोपदेशक होते आणि कामानिमित्त सदा फिरतीवर असत. अशाच एका फेरीहून घरी येताना त्यांनी पोरांसाठी एक खेळणे आणले. बूच, बांबूची काडी, कागद आणि रबर. आल्फोन्स पेनो नावाच्या फ्रेंच माणसाने योजलेल्या धर्तीवरचे ते खेळणे होते. रबराला पीळ देऊन सोडले की वरचे पाते गरगरत छताला जाऊन लागे. पोरांनी त्याला 'वटवाघूळ' असे नाव दिले. कागदाचेच ते, लौकरच मोडले. पण ते मोडल्यावर पोरांनी स्वतः तसेच दुसरे केले, मग त्याहून मोठे केले. मोठे नीट उडेना. का उडेना, याचा त्यांना प्रश्न पडला. पुढे १७ डिसेंबर १९०३ रोजी किटी हॉकच्या वाळूवर ऑर्व्हिल १२ सेकंद आणि १२० फूट उडाला. त्या १२ सेकंदांचा आरंभ त्या कागदी वटवाघळात होता असे ते दोघेही मानीत.

बूच, बांबू, कागद, रबर! गोंदवले यायच्या आत माझ्या लक्षात आले की, यांतल्या तीन वस्तू दिवाळीत आमच्या घरोघर पडलेल्या असतात. आकाशकंदील आणखी कशाचा करतात?

पाडव्याच्या संध्याकाळी मी वाडीवर पोचलो. ओसरीवर भाच्याने केलेला आकाशकंदील लागला होता. उरलेल्या कामट्या आणि पतंगी कागद कोपऱ्यात होताच. भाजीच्या जुडीचे रबर धाकटीच्या स्वयंपाकघरातल्या खिळ्याला लोंबत होते. बूच औषधाच्या एका जुन्या बाटलीचे मिळाले. वरचे पाते विनाअडथळा फिरावे म्हणून मधे गुळगुळीत काही तरी हवे होते. धाकटीने तुटलेल्या माळेतला एक काचेचा मणी काढून दिला. माझा सगळा खर्च एका तारेच्या तुकड्याचा झाला, आणि तोही शेजाऱ्याच्या कुंपणाने सोसला.

रात्री आम्ही दोघे कंदिलाखाली बसलो. एक वीतभर कामटी, तिच्या वरच्या टोकाला बुचाचा तुकडा, त्यातून ओवलेली तार, तारेला वर कागदी पाते, खाली आकडा. आकड्यात रबर, रबराचे दुसरे टोक कामटीच्या बुडाला, आणि बुडाशी कामटीलाच पक्के बांधलेले दुसरे पाते. वरचे एका बाजूला फिरू पाहते, खालचे उलट बाजूला, आणि दोन्ही हवेला खाली लोटतात. हवा खाली गेली की खेळणे वर जाते. असे मी मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले आणि पीळ देऊन सोडले. ते तिरपे जाऊन रांगोळीत पडले. दुसऱ्यांदा धाकटीच्या अनारशांत पडले. तिसऱ्यांदा तर कुठेच गेले नाही. मी चष्मा पुसू लागलो.

भाच्याने ते उचलून तर्जनीवर आडवे तोलून धरले. "मामा, ह्ये यका अंगाला जड हाय," असे म्हणून त्याने एका पात्याची कड कात्रीने बोटाच्या पेराएवढी कापली. मग पीळ मोजून दिला. चाळीस. आणि सोडले. ते सरळ उठले, कंदिलाच्या शेपट्या हलवून गेले आणि पत्र्याला टकटक करून अलगद खाली आले.

पोरगा ओरडला नाही. त्याने ते उचलले आणि पन्नास पीळ दिले. त्या क्षणी मला कळले की, विमानवेड्या पोराला पुरे झालेले खेळणे देऊ नये. पुरे झालेल्या वस्तूत पोराला करायला काही उरत नाही, तो तिचा नुसता मालक होतो. थोडे चुकलेले, थोडे उरलेले द्यावे. माझी चूक ही त्या रात्रीची खरी भेट होती, आणि ती मी काही ठरवून दिली नव्हती!

दुसऱ्या दिवशी सकाळी आणखी काही बिनपैशाच्या भेटी दिल्या. मोटारसायकलवर मागे बसवून नेताना त्याला तळहात आडवा धरायला सांगितला. पुढची कड जरा उचलली की हात आपोआप वर जातो, खाली केली की खाली दबतो. पंख म्हणजे एवढेच. सातारा-सांगलीच्या पठारांवर ज्या पवनचक्क्या दिसतात त्यांची पातीही पंखाच्याच घाटाची असतात. पंख पुढे धावतो आणि वर उचलला जातो, पाते वाऱ्यात तिरपे उभे असते आणि गोल ढकलले जाते. मग घार दाखवली. आमच्या तापलेल्या माळावरून ऊन हवा वर चढते, आणि घार त्या चढत्या हवेत पंख न हलवता घिरट्या घालीत उंच जाते. बिनइंजिनाची ग्लायडरेही अशीच चढतात. पुण्याला हडपसरला ती उडवायला शिकवणारे सरकारी केंद्र १९५० पासूनचे आहे. माळाच्या उन्हाचा कुणाला एवढा उपयोग होत असेल हे ऐकून भाचा उन्हाकडे जरा आदराने पाहू लागला.

दुपारी ओवाळणी झाली. जेवून खळ्यात बसलो होतो तोच रेघ दिसली. "इमान!" मी म्हटले, "थांब, आवाज कधी येतो ते मोज." रेघ ओढीत जाणारे विमान साधारण १० किलोमीटर उंचावर असते आणि आवाजाला एक किलोमीटर यायला सुमारे ३ सेकंद लागतात. भाच्याने अंक मोजले. तिसाच्या पुढे गेल्यावर घरघर ऐकू आली, आणि ती विमानाकडून न येता विमानाच्या बऱ्याच मागून, रिकाम्या आकाशातून येत होती. तेवढ्या वेळात विमान सात किलोमीटर पुढे गेलेले असते.

"म्हंजी आपुन आयकतो तवा ते तितं नसतंयच?"

"नसते. पुढे गेलेले असते."

तो घरात गेला आणि एक वही घेऊन आला. हे मला ठाऊक नव्हते. वहीत दर पानावर तारीख, वेळ, कुठून कुठे, रेघ लांब की तोकडी, असे सगळे आखून लिहिलेले. रेघेचे कारण मी सांगितले. इंजिनातून निघणारी वाफ त्या उंचीवरच्या थंडीत गोठते, आणि वर ओल असेल तर रेघ टिकते, कोरडे असेल तर लगेच पुसली जाते. तो 'रेघ' या रकान्यापुढे तसे लिहू लागला. वही पुढे ओढताना तिच्यातून एक कागद खाली पडला. बोर्डिंग पासचा फाटका तुकडा. पाटणा ते पुणे. नाव आमच्या दाजींचे.

इथे दाजींविषयी सांगायला हवे. आमचे दाजी गलाई करतात. माण, खटाव, आटपाडी, खानापूर या भागांतली कित्येक घरे पिढ्यान्‌पिढ्या या धंद्यावर उभी आहेत. जुने सोने मुशीत वितळवायचे, तेजाबाने त्यातला हिणकस भाग काढायचा आणि शुद्ध सोने सराफाला परत द्यायचे. पाऊस नाही म्हणून आमची माणसे बाहेर पडली आणि हिंदुस्थानभर सराफांच्या गल्ल्यांत पसरली. तेजाबाने दाजींच्या बोटांची कातडी पिवळी झालेली आहे; देशभराचे सोने त्या बोटांतून गेले आणि रंग तेवढा मागे ठेवून गेले. धनत्रयोदशीला सोन्याचा बाजार तेजीत असतो, म्हणून दिवाळीत दाजी घरी नसतात. येतात ते यात्रेला, आगगाडीने, दोन दिवसांचा प्रवास करून.

विमानाने ते एकदाच आले. तीन वर्षांपूर्वी त्यांची आई गेली तेव्हा. पहाटे निरोप गेला, आणि दिवस मावळायच्या आत दाजी वाडीवर उभे होते. माती त्यांच्या हातची मिळाली. तेव्हा भाचा सहा वर्षांचा होता. घरात काय घडले हे त्याला किती कळले असेल न कळे. पण दोन दिवसांच्या वाटेवरचा बाप संध्याकाळच्या आत आणून सोडते ते इमान, एवढे त्याला पक्के कळले.

मला २००३ च्या दुष्काळाची आठवण झाली. त्या वर्षी सरकारने कृत्रिम पावसाचा प्रयोग केला होता. विमाने ढगांत शिरून क्षारांचा धूर सोडीत. पुढे २०१८ आणि २०१९ साली पुण्याच्या हवामानशास्त्र संस्थेने सोलापुराकडे असेच प्रयोग केले. किती पाऊस वाढला याचा हिशेब शास्त्रज्ञांनी मांडला आहे. मला आठवते ते एवढेच की, त्या दुष्काळात विमानाचा आवाज आला की म्हातारी माणसेसुद्धा कपाळावर हात धरून वर पाहत. माणात विमानाकडे पाहणारा माणूस बहुधा कशाची तरी वाट पाहत असतो.

आणि इथे मी चुकलो. शिक्षकाला गप्प बसवत नाही. संध्याकाळी मी पिशवीतून भारताचा नकाशा काढला. तो माझी मुख्य भेट होती. दहिवडीत घेतलेला, स्वस्त, पण मोठा. भिंतीवर लावला, पुण्याला एक टाचणी टोचली, पाटण्याला एक, आणि दोहोंमध्ये लाल दोरा ताणला. "हा बघ तुझ्या आप्पांचा रस्ता!" असे मी मोठ्या ऐटीत म्हणालो.

भाच्याने आधी पुणे पाहिले. मग बोटाने खाली सरकत साताऱ्याच्या बाजूला आपले माण शोधले. दोरा पुण्याहून निघून ईशान्येकडे गेला होता. आमच्या वाडीवरून तो जात नव्हता. जवळूनही नाही.

"म्हंजी," तो जरा वेळाने म्हणाला, "हितनं जात्यात त्यातलं येक बी आप्पांचं न्हवं."

तीन वर्षांची वही त्याच्या मांडीवर होती. मी काही तरी बोललो. वारा, वळसा, हवामान. तो ऐकून घेत होता, आणि तो ऐकून घेतो आहे हेच मला सोसवेना. भूगोल खरा होता. खऱ्याला आपण काय करणार? पण खरे सांगायचे तर त्याच्या पाठोपाठ काही तरी द्यावे लागते, नुसता नकाशा देऊन चालत नाही. त्या रात्री मला लौकर झोप आली नाही. वटवाघूळ उशाशी घेऊन भाचा मात्र झोपला होता.

सकाळी उठताच मी त्याला विचारले, "आपल्या देशात विमानातून आधी कोण गेले, माणसे की पत्रे?" तो म्हणाला, माणसे. मग मी त्याला अलाहाबादची गोष्ट सांगितली. १८ फेब्रुवारी १९११ रोजी आंरी पेके नावाचा एक फ्रेंच तरुण सहा हजारांवर पत्रे घेऊन अलाहाबादहून उडाला, यमुना ओलांडून काही मिनिटांत नैनीला उतरला. अंतर सुमारे १० किलोमीटर. जगातली ती पहिली सरकारी विमानटपाल. पुढे १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला जुहूवर उतरले तेव्हाही विमानात उतारू नव्हते, टपालाच्या पिशव्या होत्या. आणि अहमदाबादेला त्या विमानाचे पेट्रोल आले होते बैलगाडीतून! बैलगाडी ऐकून भाचा प्रथमच हसला. मग मी शेवटची गोष्ट सांगितली. १९४९ सालापासून टपालखात्याने देशातली साधी पत्रेही, जिथे वेळ वाचेल तिथे, जादा पैसे न घेता विमानाने न्यायला सुरुवात केली.

"म्हंजी पत्र इमानातनं जातंय? पाटण्याला?"

"जाऊ शकते."

घरात फोन आहे. दाजी रोज रात्री त्यात दिसतात, मुशीच्या उजेडात, घाईत. फोनवर भाचा "जेवलो", "व्हय", "न्हाई" एवढेच बोलतो. त्या सकाळी मात्र तो दीड तास लिहीत बसला. काय लिहिले ते मी पाहिले नाही. लिहून झाल्यावर त्याने कागदाचे विमान केले, चांगले लांब नाकाचे, तर्जनीवर तोलून पाहिले, मग पंख मिटवून ते चपटे केले आणि पाकिटात घातले. म्हसवडला पेटीत त्यानेच टाकले, आणि पेटीच्या फटीला कान लावून आत काय होते ते ऐकले.

हे सगळे खर्चात मांडायचे तर दोन बोटे तार, एक नकाशा, एक पाकीट आणि एक तिकीट. साताऱ्याचा दुकानदार मला पुन्हा दुकानात उभा करील असे वाटत नाही.

पुढे पंधरा दिवसांनी धाकटीचा फोन आला. पत्र पोचले होते. दाजींनी ते वाचले, पुन्हा पहिल्या घड्यांवर दुमडले आणि दुकानाच्या पायरीवर उभे राहून गल्लीत सोडले. चांगले समोरच्या सराफाच्या ओट्यापर्यंत गेले म्हणे. उचलून आणून त्यांनी ते भट्टीपासून लांब, देवाच्या फळीवर ठेवले आहे.

"आन्‌ पोरगं?" मी विचारले. "अजून आभाळात बघतं का?"

बघतो. मध्ये मी जाऊन आलो तेव्हा मला वही पाहायला मिळाली. तारीख, वेळ, रेघ हे रकाने पूर्वीसारखेच होते. पण शेवटी एक नवा रकाना आखला होता. त्यात वर्गातल्या पोरांची नावे होती. आमच्या वाडीतल्या बहुतेक घरांतून कुणी तरी गलाईला गेलेले आहे. कुणाचा बाप कोइमतूरला, कुणाचा चुलता विजयवाड्याला, कुणाचा भाऊ केरळात. मुंबईहून दक्षिणेला जाणारी विमाने आपल्या आप्पांची नाहीत हे कळल्यावर भाच्याने ती त्या पोरांना वाटून टाकली होती. रेघ दक्षिणेकडे गेली की तो शाळेत जाऊन ज्याचे त्याला सांगतो, "काल साडेपाचला तुझं इमान गेलं."

म्हणून मी आता तो उच्चार सुधारीत नाही. वाडीतल्या पोरांसाठी आभाळाचा हिशेब ठेवणाऱ्याने इमानच म्हणावे.

पुढच्या भाऊबिजेला काय न्यावे हे अजून ठरलेले नाही. वहीची पाने मात्र संपत आली आहेत, असे धाकटी म्हणत होती.